न घासलेली तार

माझ्याकडे चुकांची एक वही आहे. सर्किट बिघडलं की त्यात तीन गोष्टी लिहायच्या: काय बंद पडलं, मला आधी काय वाटलं आणि खरं कारण काय निघालं. वीसेक वर्षांचा हा नाद. जामसंड्याला घराच्या मागच्या खोलीत टेबल आहे, त्यावर सोल्डरिंग आयर्न, मीटर आणि बायकोच्या भाषेत ‘उकिरडा’. तालुक्याच्या ऑफिसात दिवसभर लोकांच्या अर्जांतल्या चुका काढून घरी आलो की मी स्वतःच्या चुका काढत बसतो, असं मी विनोदाने सांगायचो. आता तो विनोद करत नाही.

वहीतला मधला रकाना वाचण्यासारखा आहे. मला आधी जे वाटलं ते जवळपास दर वेळी चुकीचं निघालेलं आहे. चिप जळली असं वाटलं, निघाला सेल उतरलेला. ट्रान्झिस्टर गेला असं वाटलं, मीच तो उलटा लावलेला. यावरून मी काही नियम केले आणि ते भिंतीवर चिकटवले. आधी वीज येते का ते बघायचं. मीटरवर विश्वास ठेवण्याआधी मीटरच एखाद्या चांगल्या सेलवर तपासायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सोल्डरने, म्हणजे वितळलेल्या कथिलाने, जोडलेली प्रत्येक तार हलकेच ओढून बघायची. आणि सगळ्यात वर, लाल शाईने: अंदाज करायचा नाही, मोजायचं. हे नियम मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचो, कोणी विचारलं नाही तरी.

समुद्राजवळ राहणाऱ्याला आणखी एक नियम लागतो, आणि तो मला माझ्या हातांनी माहीत होता. इथल्या खाऱ्या हवेत तांबं काळं पडतं. तारेचं रीळ खिडकीपाशी दोन पावसाळे राहिलं तर वरचं प्लॅस्टिक सोलल्यावर आतून चकाकती तार निघत नाही, काळपट निघते. त्या काळ्यावर सोल्डर धरत नाही. वर गोल मणी होऊन बसतं, जोड झाल्यासारखा दिसतो, पण आतून धरलेलं काही नसतं. म्हणून आधी ब्लेडने किंवा पॉलिश पेपरने तार घासायची, लालसर चमक आली की मगच जोडायची. एका तारेला अर्धं मिनिट लागतं.

तीन वर्षांपूर्वी चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी माझ्याकडे ते अर्धं मिनिट नव्हतं.

आमचं मूळ घर बांद्याच्या अलीकडे, हायवे सोडून आत. तिथे धाकटे काका राहतात, म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. भात, थोडे काजू, आणि पाच दिवसांचा गणपती. गणपतीच्या डोक्यावर आम्ही माटवी बांधतो. लाकडी पट्ट्यांची चौकट छताला टांगायची आणि तिला आंब्याचे टाळ म्हणजे डहाळ्या, नारळ, सुपारीचे घोस, कवंडळं नावाची लाल रानफळं, तेरडा, हरणाची पिवळी फुलं असं त्या दिवसांत रानात आणि परसात जे काही असेल ते बांधायचं. हे काम काकांचं. वयाच्या पंधराव्या वर्षापासून ते माटवी बांधत आलेले. कुठलं कवंडळ कुठे, हे ते खाली उभे राहून एक डोळा मिटून ठरवायचे आणि मग स्टुलावर चढायचे. रोज सकाळी पूजेआधी तांब्यात पाणी घेऊन आंब्याच्या डहाळीने माटवीवर शिंपडायचे. त्यामुळे पाचव्या दिवशीही आमची माटवी हिरवीगार असायची, आणि आरतीला येणारे शेजारी मान वर करून आधी ती बघायचे.

त्या माटवीत दिवे सोडायची कल्पना माझी. बारा व्होल्टचे बारीक दिवे, आणि समईची ज्योत हलते तसे ते हळूहळू कमी-जास्त व्हावेत म्हणून मी केलेलं छोटं सर्किट. पाण्याचा विचार मी केला होता. सर्किट घट्ट झाकणाच्या जेवणाच्या डब्यात बसवलं होतं, आत वर्तमानपत्राचा एक कपटाही ठेवला होता, म्हणजे ओल शिरली तर कळेल. इतका मी शहाणा. पण आदल्या संध्याकाळी एक तार कमी पडली, आणि मी खिडकीतल्या रिळाची तार कापून तशीच जोडली. काळी होती, हे दिसलं होतं. बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता, बायको पिशव्या भरून बसली होती. ओढूनही बघितली नाही.

पहिल्या दिवशी दिवे लागले. सगळ्यांनी वाहवा केली. काकांनी स्टुलावर चढून पानं इकडेतिकडे सारून दिव्यांना वाट करून दिली आणि म्हणाले, “आता देवाक बरा वाटतला.”

दुसऱ्या दिवशी ऋषीपंचमी. सकाळी घर माणसांनी भरलेलं, तीस-चाळीस जण तरी असतील. काका तांब्या घेऊन स्टुलावर चढले, एका हाताने माटवीची पट्टी धरली आणि डहाळीने पाणी शिंपडलं. त्याच क्षणी सगळे दिवे गेले.

मी पुढे झालो. इथे थांबून सांगायला हवं की आमच्या घरात सगळे मालवणीच बोलतात, मीसुद्धा. ऑफिसात खुर्चीत बसल्यावर मात्र माझी भाषा बदलते. त्या सकाळी गणपतीसमोर उभा राहून मी काकांशी ऑफिसातली भाषा बोललो.

“काका, तुम्हाला समजत नाही का? विजेच्या वस्तूवर पाणी मारतात का? करंट लागून कोणी मेलं असतं म्हणजे?”

एका लहान मुलीला तिच्या आईने माटवीपासून मागे ओढलं. काका स्टुलावरून सावकाश उतरले. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि मामलेदारासमोर माणूस बोलतो तसं, आपली भाषा सोडून, मला म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. परत नाही मारणार.”

तुमचं म्हणाले. मला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलेलं. उभ्या जन्मात ते मला कधी अहो-जाहो करून बोलले नव्हते.

आणि माझं वाक्य निव्वळ खोटं होतं. बारा व्होल्टने कोणी मरत नाही, ओल्या हाताने धरलं तरी नाही. ज्या अडॅप्टरमध्ये खरी वीज होती तो माटवीपासून लांब, कोरड्या कोपऱ्यात होता. हे मला रागातही माहीत होतं. माझं सर्किट चाळीस माणसांसमोर बंद पडलं होतं, आणि ते कोणाच्या तरी अंगावर ढकलायचं होतं, एवढंच.

तिसऱ्या दिवशी दुपारी माटवीतला डबा काढून, सोबत आणलेलं मीटर आणि सोल्डरिंग आयर्न घेऊन मी मागच्या पडवीत बसलो. आता सगळे नियम आठवले. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून मीटर तपासलं. अडॅप्टरचे बारा व्होल्ट बरोबर. डब्यापर्यंत येणारी वीज बरोबर. झाकण उघडलं. वर्तमानपत्राचा कपटा कडकडीत कोरडा होता, अक्षरंही पसरली नव्हती. मग एकेक तार ओढत गेलो. चौथी तार, खिडकीतल्या रिळाची, नुसत्या बोटाच्या धक्क्याने हातात आली. सोल्डरचा मणी बोर्डावर तसाच राहिला, त्यात तारेच्या जाडीचं एक भोक. काकांनी पट्टी धरली तेव्हा माटवी हलली आणि तार सुटली, इतकंच घडलं होतं. झांजांच्या दणक्यानेही ती सुटली असती, कोणी दार आपटलं असतं तरी सुटली असती. पाणी आणि अंधार एका क्षणी आले म्हणून मी त्यांचं नातं लावून मोकळा झालो होतो. हीच चूक करू नका म्हणून मी लोकांना वीस वर्षं सांगत आलेलो.

ती तार काढून ठेवली, दुसरी घासली, मण्याच्या बाजूला जोडली, ओढून बघितली. डबा माटवीत ठेवला. दिवे लागले. पुन्हा वाहवा झाली, पहिल्यापेक्षा जास्त. काका दारात उभे होते, आत आले नाहीत. तिथूनच त्यांनी विचारलं, “पाणी सुकला मां?”

मला उत्तर शोधावंही लागलं नाही. त्यांनीच माझ्या हातात दिलं होतं. मी म्हटलं, “व्हय, सुकला.”

पाचव्या दिवशी विसर्जनाआधी गाऱ्हाणं होतं. घरातला मोठा माणूस सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो आणि प्रत्येक वाक्यानंतर बाकीचे ‘व्हय महाराजा’ म्हणतात. एकदा तसं म्हटलं की देवापुढे ते वाक्य तुमचंही झालं. आमच्यात आता काकाच मोठे, गाऱ्हाणं तेच घालतात. हात जोडून त्यांनी सुरुवात केली.

“बा देवा महाराजा, आज सगळी लेकरा-बाळा तुझ्या पायाकडे उभी आसत.”

“व्हय महाराजा!”

“पाच दिवस जी काय मोडकी-तोडकी सेवा केली, ती गोड मानून घे रे महाराजा.”

“व्हय महाराजा!”

मग ते थांबले. घसा खाकरला.

“आणि ह्या वर्सा माझ्या हातसून चूक झाली. पाणी मारून लायटी घालवलंय. कोणाच्या जीवावर बेतला असता. म्हाताऱ्याची चूक पोटात घाल रे महाराजा.”

“व्हय महाराजा!” सगळे म्हणाले. त्यात मीही म्हटलं, मोठ्याने, माझी बायको आणि काकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, यांच्या मधे उभा राहून. न म्हणता गप्प राहिलो असतो तर कोणाला कळलंही नसतं. पण मी म्हटलं.

जामसंड्याला परत आल्यावर वही उघडली. तारीख घातली, पुढे ‘माटवीचे दिवे’ लिहिलं. मला आधी काय वाटलं, तिथे ‘पाणी’ लिहिलं. खऱ्या कारणाच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही. वही माझी, वाचणारा मी, तरी हात चालला नाही.

पुढच्या चतुर्थीला काकांनी माटवीला हात लावला नाही. “माका काय समजता त्या करंटाचा,” म्हणाले आणि बाकड्यावर बसून सुतळीचे तुकडे करून देत राहिले. माटवी चुलतभावाने बांधली. पाणी मारायचं धाडस कोणी केलं नाही, कारण घरात माझा शब्द म्हणजे विजेतल्या जाणकाराचा शब्द. तिसऱ्या दिवशी आंब्याची पानं वळली, तेरडा मान टाकून लोंबू लागला. त्याच्या पुढच्या वर्षी चुलतभावाने बांद्याच्या बाजारातून प्लॅस्टिकची फळं आणि पानं आणली. दिसायला बरी दिसत होती. काकांनी एक डोळा मिटून बघितलं नाही.

गाऱ्हाण्यातलं ते वाक्य मात्र दोन्ही वर्षी आलं. काकांच्या गाऱ्हाण्यात ते कायमचं जाऊन बसलं, जसं पीकपाण्याचं वाक्य असतं, लेकीबाळींचं असतं. मी दोन्ही वर्षी व्हय म्हटलं. सवयीचं झालं म्हणून टोचायचं थांबलं असतं तर बरं झालं असतं, पण तसं झालं नाही. घरी येताना गाडीत मी बायकोवर काहीबाही कारणाने चिडायचो.

मी सांगितलं का नाही? मनात कारणं तयार होती. आता विषय जुना झाला. काकांना तार आणि जोड यातलं काय कळणार. सांगून त्यांना उलट वाईट वाटेल. ही सगळी कारणं ऑफिसातल्या शेऱ्यांसारखी होती, नीटनेटकी आणि कोणाच्याच उपयोगाची नसलेली. खरं कारण एकच: चाळीस माणसांत मिळालेली वाहवा मला परत करायची नव्हती.

या वर्षी आषाढात आमच्या शेजारच्या बाई माझ्याकडे येऊ लागल्या. निवृत्त शिक्षिका, साठीनंतर सर्किटचा नाद लागलेला. त्यांची दारावरची घंटा मधेच वाजायची, मधेच नाही. त्यांना वाटत होतं बटण खराब आहे. मी माझं लाल शाईचं वाक्य ऐकवलं आणि उदाहरणं दाखवायला वही पुढे केली. त्यांनी ती शाळेच्या सवयीने, पान न चुकवता वाचली. एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाल्या, “इथे कारण कोरं का?”

“राहून गेलं,” मी म्हटलं.

“मग हे पाणीच होतं का शेवटी?”

मी पुन्हा व्हय म्हणणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. “नाही,” मी म्हटलं, “माझी तार होती.” त्या पुढे काही विचारायच्या आत मी उठून चहा सांगायला आत गेलो. तीन वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य तोंडातून निघालं होतं, आणि ते ज्यांना सांगायचं त्यांना सोडून शेजारणीला सांगितलं होतं.

या चतुर्थीला मी दोन दिवस आधी गावी गेलो. काका पडवीत बाकड्यावर बसून कवंडळांना सुतळी बांधत होते. गुडघे आता पार गेलेले, उठताना खांब धरावा लागतो. चुलतभावाला प्लॅस्टिकची फळं आणू नको म्हणून मीच कळवलं होतं. मी त्यांच्या शेजारी बसलो. खिशात एका कागदात ती जुनी तार आणि मणी राहिलेला बोर्डाचा तुकडा होता. दर वर्षी सर्किट नवं केलं, पण तो तुकडा टाकवला नव्हता.

“काका, एक सांगूचा होता.”

“सांग.”

“त्या वर्सा लायटी पाण्यान गेल्यो नव्हत्यो. माझी तार सुटलेली. डबो आतसून सुको होतो.”

त्यांनी हातातलं कवंडळ खाली ठेवलं. मी कागद उलगडला. त्यांनी तार घेतली, उजेडाकडे धरली, नखाने खरवडली. काळ्याखालून लाल तांबं दिसलं.

“ही घासूक होयी होती,” ते म्हणाले. ज्यांना काय कळणार असं मी तीन वर्षं म्हणत होतो, ते काका.

“व्हय.”

“तुका कधी कळला?”

“तिसऱ्या दिवशी. पडवीत बसलेलंय तेव्हाच.”

“म्हणजे गाऱ्हाण्याच्या आदी.”

“व्हय.”

“आणि करंट लागान माणूस मरता म्हटलेलंस, ता?”

“ता पण खोटा. बारा व्होल्टान काय होणा नाय.”

मला वाटलं चिडतील, आणि चिडले असते तर मला सुटल्यासारखं झालं असतं. ते म्हणाले, “मी तीन वर्सां देवाकडे माफी मागतंय. आणि तू बाजूक उभो रवान व्हय महाराजा म्हणतंस.”

मी रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. थोड्या वेळाने म्हणाले, “सुतळी दी हय,” आणि पुढचं कवंडळ उचललं. त्या दिवशी ते माझ्याशी आणखी काही बोलले नाहीत.

ऋषीपंचमीच्या सकाळी घर पुन्हा भरलं होतं. काका तांब्या आणि आंब्याची डहाळी घेऊन आतून आले. स्टुलापाशी येऊन एक पाय वर ठेवला. गुडघ्याने साथ दिली नाही. पुन्हा एकदा ठेवला.

“काका, पाणी नको!” मागून कोणीतरी ओरडलं. “करंट मारतलो!”

काकांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनी बघितलं. मी मालवणीतच बोललो, पण आवाज माझा मलाच ओळखू येत नव्हता. “करंट नाय मारणा. त्या वर्सा पण पाण्यान काय झाला नव्हता. चूक माझी होती, तार मी घासूक नाय. मी काकांचा नाव घेतलंय.”

चुलतभावाने मान खाली घातली, माझ्या बायकोने माझ्याकडे असं बघितलं की त्याचा हिशोब गाडीत होणार हे मला कळलं. काकांनी पाय खाली घेतला आणि तांब्या माझ्या हातात दिला.

“आता माझ्यान चढाक होणा नाय,” ते म्हणाले. “तू मार.”

मी स्टुलावर चढलो. मला पाणी शिंपडता येत नाही, हे तेव्हा कळलं. एकाच जागी भसकन पडलं, समईची एक वात विझली. खालून काका सांगत होते, “हळू. तेरड्यार नको, तो कुसता. टाळार मार, मागल्या अंगाक.” एक डोळा मिटून सांगत होते. दोन वर्षं आधी सांगितलं असतं तर ते स्वतः वर चढू शकले असते. हे माझ्या मनात आलं आणि मग पाचही दिवस गेलंच नाही.

पाचव्या दिवशी माटवी हिरवी होती. गाऱ्हाण्याला सगळे हात जोडून उभे राहिले. लेकरा-बाळांचं वाक्य झालं, मोडक्या-तोडक्या सेवेचं झालं, आम्ही व्हय महाराजा म्हटलं. मग तीन वर्षं जिथे ते वाक्य यायचं तिथे काका आले, आणि थांबले. घसा खाकरला. पुढे काही बोलले नाहीत.

त्या थांबलेल्या जागेत, सवयीने, माझ्या तोंडून निघून गेलं, “व्हय महाराजा!”

एकट्याचंच. काका पुढचं वाक्य बोलायच्या आधी थोडा वेळ तसेच उभे राहिले, सगळ्यांना माझं ते एकट्याचं व्हय नीट ऐकू जाईल इतका.